राब, गिरिपुष्प आणि खाचरांतील मासे

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत, अक्कादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशीं चिरनेर हें गांव वसलें आहे. एके काळीं तें कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यांत मोडत असे. २५ सप्टेंबर १९३० रोजीं येथें जो जंगल सत्याग्रह झाला त्याची हकीकत या भागांतील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. डोंगरावर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, आसपासच्या गांवांतील आठ माणसें प्राणांस मुकलीं, आणि त्याच गोंधळांत मामलेदार जोशी हेही मारले गेले. दरवर्षीं त्या दिवशीं हुतात्म्यांच्या स्मारकापाशीं लोक जमतात, भाषणें होतात. स्वराज्याविषयीं त्यांत पुष्कळ सांगितलें जातें आणि तें योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या मनांत येणारा एक साधा प्रश्न तेथें सहसा कोणी काढीत नाहीं. भात पिकविणाऱ्या माणसास रान इतकें अगत्याचें कां वाटावें?

सरपणासाठीं, घराच्या वाशांसाठीं, गुरांच्या चाऱ्यासाठीं, हें उत्तर खरेंच आहे. पण उत्तर कोकणांत त्याहूनही जवळचें एक उत्तर आहे, आणि तें म्हणजे राब.

राब कशास म्हणतात हें येथील वाचकांस सांगावयास नको. परंतु आमचें मासिक देशावरही जातें, म्हणून थोडक्यांत लिहितों. पिकें निघून गेल्यावर माणसें कोयता घेऊन रानांत जातात आणि ऐन, किंजळ इत्यादि झाडांच्या फांद्या पाल्यासकट छाटून त्यांचे भारे बांधतात. या फांद्यांस टहाळ म्हणतात. भाताचीं रोपें ज्या जागेंत तयार करावयाचीं ती दाढ. दाढीवर शेणाचा थर, त्यावर टहाळ, त्यावर गवत व पालापाचोळा आणि सर्वांत वर बारीक माती घालून, उन्हाळ्याच्या अखेरीस वाऱ्याची दिशा पाहून तें सारें पेटवितात. वर माती असल्यामुळें भडका उडत नाहीं. थर धुमसत राहतो आणि खालची जमीन चांगली भाजून निघते. मग पावसाच्या तोंडावर त्या राखेंत बीं टाकलें म्हणजे रोप असें हिरवेंगार व जोमदार उठतें कीं, न भाजलेल्या दाढीतील रोप त्याच्या शेजारीं आजाऱ्यासारखें दिसावें. एकरभर लावणीस सुमारें चार गुंठे दाढ लागते. चार गुंठे ऐकण्यास थोडे वाटतात. पण तेवढ्या जागेवर पुरेसा थर घालावयाचा तर टहाळाचे किती भारे डोक्यावरून उतरावे लागतात, हें ज्यानें ते उतरविले असतील त्यासच विचारावें.

इंग्रजी अमदानींत जंगलखात्यास हा राब डोळ्यांत सलत असे. १८७८ च्या जंगल कायद्यानें रानें राखीव झालीं, आणि पिढ्यान्‌पिढ्या जेथून टहाळ आणला तेथें जाणें हा एकाएकीं गुन्हा ठरला. ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली कीं मुंबई सरकारास जंगलविषयक कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालचा आहे. पुढें विलायतेहून आलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. वोल्कर यांनीं हिंदुस्थानभर हिंडून १८९३ सालीं आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला. हिंदी रयत सामान्य इंग्रज शेतकऱ्याहून उणी नाहीं, कांहीं बाबतींत सरसच आहे, असें त्यांनीं मोकळेपणानें नमूद केलें. मात्र राबाचें मर्म मातीच्या परीक्षेनें उकलण्याचा नेटका प्रयत्न झाला तो पुण्याच्या शेतकी कॉलेजांत. तेथील प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या आपल्या दोन सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानांतील राबाचा अभ्यास केला, आणि तो १९१२ सालीं सरकारी शेतकी खात्याच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला.

राब ही अडाण्याची खोड नव्हे, हें आतां निःशंकपणें सांगतां येतें. राखेंतून रोपास पालाश, चुना व थोडें स्फुरद मिळतें. पण खरी किमया राखेची नसून उष्णतेची आहे. माती तापली म्हणजे तिच्यांत अडकून पडलेला नत्र रोपास घेतां येईल अशा रूपांत मोकळा होतो. वरच्या थरांतील तणांचें बीं व किडींचीं अंडीं मरतात. चिकट माती भुसभुशीत होते, आणि लावणीच्या वेळीं आवण उपटतांना मुळें तुटत नाहींत. उधळलेल्या खताच्या मुठीनें यांतलें फक्त एक काम होतें, आणि राबानें चारही होतात. म्हणूनच केवळ राखीव जंगलाची पाटी लावून राब बंद होण्यासारखा नव्हता, आणि शेतकऱ्यास पर्याय न देतां बंदी घालणाऱ्यांविरुद्ध त्याचा संताप व्हावा यांत नवल नव्हतें.

आतां वहीची दुसरी बाजू. पाला जाळला म्हणजे त्यांतील नत्राचा बहुतेक भाग धुराबरोबर जातो, आणि ज्या सेंद्रिय द्रव्यानें जमीन जिवंत राहते तें सारें नाहींसें होतें. एका दाढीसाठीं रानाचा मोठा तुकडा दरवर्षीं ओरबाडला जातो. ऐन फुटतो खरा, पण वर्षानुवर्षे छाटलेल्या ऐनाचा खांब होतो, झाड राहत नाहीं. आणि भारा वाहणारी बहुधा घरची बाई असते. हा शेवटचा खर्च आमच्या कोणत्याही शेतकी अहवालांत आम्हांस आजवर मांडलेला दिसला नाहीं.

तथापि राब आज कमी होत चालला आहे तो या विचारानें नव्हे. १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें. पाठोपाठ मालाच्या पेट्यांचीं आवारें व गोदामें आलीं, आणि घरांतील तरणा मुलगा कोयता टाकून तेथें रुजू झाला. टहाळ आणणारे हात राहिले नाहींत, म्हणून राब उणावला. त्याची जागा कोणत्या गोष्टीनें घेतली? युरियाच्या गोणीनें, दाणेदार विषाच्या पुडीनें, आणि अलीकडे तणनाशकाच्या बाटलीनें. राबाचे दोष ठाऊक असूनही आम्हांस असें म्हणावें लागतें कीं, हा बदल सरळ सरळ नफ्याचा झाला नाहीं. कां तें पुढें सांगतों.

मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानें ओढे भरले म्हणजे खालच्या नदीखाडीकडून अंड्यांनीं भरलेले मासे पाण्याच्या उलट चढत खाचरांत येतात. आमच्या भागांत यास वलगण म्हणतात. दक्षिणेकडे चढणीचे मासे म्हणतात. रात्रीं बत्त्या घेऊन बांधांबांधांवरून फिरणारीं माणसें आमच्यांतील प्रत्येकानें लहानपणीं पाहिलीं आहेत, बहुतेकांनीं त्यांच्यामागून चिखलही तुडविला आहे. या माशांचीं पिलें खाचराच्या उथळ पाण्यांत वाढतात, डांसांच्या व किडींच्या अळ्या खातात, आणि भाद्रपद-आश्विनांत पाणी उतरूं लागलें म्हणजे तींही उतरतात. बांधाच्या बिळांतील मुठा हाही याच खाचराचा. म्हणजे भाताचें खाचर हें केवळ भाताचें शेत नव्हे. ज्याला जमीन नाहीं अशा कातकऱ्यालाही चार महिने त्यांतून कालवण मिळत असे.

या पाण्यांत दाणेदार विष पडलें कीं काय होतें हें सांगण्यास प्रयोगशाळेची गरज नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बांधाच्या कडेस पांढरीं पोटें वर करून पिलें तरंगतात. खोडकिडीसाठीं फोरेट नांवाचें अतिविषारी औषध वर्षानुवर्षे भातांत मुठीनें फेंकलें गेलें. २०१८ च्या केंद्र सरकारच्या हुकुमानें तें ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालें, हें उत्तम झालें. पण एक गेलें म्हणजे दुकानदार दुसरें पुढें करतो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर मरण पावले, तेव्हां सारा महाराष्ट्र हळहळला. आमच्याकडे कपाशी नाहीं म्हणून आपण सुरक्षित, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. मुठ्यांनीं रोपें कुरतडूं नयेत म्हणून शिजविलेल्या भातांत कीटकनाशक कालवून तो बिळाच्या तोंडाशीं ठेवण्याची शिफारस शेतकी पुस्तिकांतून केली जाते. शिफारस करणारे विद्वान आहेत, त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. परंतु ज्या गांवांत मुठ्याचें कालवण आवडीनें खाल्लें जातें त्या गांवांत हा उपाय सांगतांना जरा थांबावयास नको काय?

खोडकिडीचाच प्रश्न घ्या. ही कीड रोपाच्या पानांच्या शेंड्याजवळ पुंजक्यानें अंडीं घालते. लावणीपूर्वीं आवणाची मूठ हातांत असते, तेव्हांच शेंडे विळ्यानें खुडून ते जाळून किंवा पुरून टाकले तर कित्येक पुंजके शेतांत जाण्याआधींच नष्ट होतात. कापणी जमिनीलगत करावी आणि धसकटें लगेच नांगरून उलथावीं, म्हणजे आंत दडलेल्या अळ्या उन्हानें व पांखरांनीं संपतात. ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधीलमाशीचीं कार्डें पानांस टांचलीं तर ती किडीच्या अंड्यांतच आपलीं अंडीं घालते. शेंकडा पांचांहून कमी फुटवे सुकलेले असतील तर औषधाची बाटली उघडूंच नये. तेवढी तूट भाताचें रोप नवे फुटवे फोडून भरून काढतें. सुरळींतील अळीसाठीं तर आमचे आजे जें करीत तेंच अजून चांगलें आहे: बांधांत पाणी साठवून दोघांनीं दोर ओढीत पिकावरून न्यावा, सुरळ्या पाण्यांत पडतात, मग पाणी काढून एका कोपऱ्यांत त्या गोळा कराव्या.

औषधानें कीड वाढते असें कोणी म्हटलें तर लोक हंसतात. इंडोनेशियांत तसेंच झालें. तेथें भातावर इतकीं कीटकनाशकें मारलीं गेलीं कीं तपकिरी तुडतुड्यांस खाणारे कोळी व ढेकूण मेले, आणि तुडतुडे मात्र पुन्हां पुन्हां उसळून आले. अखेर १९८६ सालीं तेथील राष्ट्राध्यक्षांनीं हुकूम काढून ५७ कीटकनाशकें भातापुरतीं बंद केलीं आणि शेतकऱ्यांस शेतांतील मित्रकिडी ओळखण्याचें शिक्षण सुरू केलें. आमच्या खाचरांत चतुर, कोळी व बेडूक यांची वाण नाहीं. त्यांना मजुरी द्यावी लागत नाहीं, एवढ्याचमुळें कदाचित् त्यांची किंमत कोणी धरीत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, निंबोळी अर्क फवारा. सल्ला वाईट नाहीं. पण तो देशावरचा आहे. कोकणच्या पावसांत कडुनिंब फारसा नांदत नाहीं, आणि निंबोळ्या विकत आणून अर्क काढावा तर तो आषाढाच्या सरींत तासाभरांत धुऊन जातो. ज्या प्रांताची विद्या त्या प्रांतांत शोभते.

तेव्हां राबाचीं चार कामें, आग न लावतां आणि विष न घालतां, कोण करील? या प्रश्नाचें सर्वांत चांगलें उत्तर आमच्या मतें डॉ. ना. कृ. सावंत यांनीं दिलें आहे. त्यांची चारसूत्री पद्धत कोकणांत अनेकांनीं ऐकली आहे, थोड्यांनीं पुरी केली आहे. पहिलें सूत्र, भाताचें तें भातास परत देणें: तूस अर्धवट जाळून झालेली काळी राख दाढींत मिसळावी आणि पेंढा शेतांत गाडावा. तुसांत सिलिका पुष्कळ असते. ती मिळाली म्हणजे रोपाचें खोड कणखर होतें, खोडकिडीच्या अळीस तें पोखरणें जड जातें आणि करप्यासही रोप चांगलें तोंड देतें. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख सांगितली आहे. येथें एक अडचण आहे, ती पुस्तिकांत सहसा लिहिलेली नसते. एकरभर भाताचें स्वतःचें तूस जाळून जी राख होते ती चार गुंठ्यांच्या दाढीस पुरत नाहीं. तेव्हां गिरणीवाल्याशीं कार्तिकांतच बोलून ठेवावें. नंतर तूस वीटभट्टीकडे गेलेलें असतें.

दुसरें सूत्र गिरिपुष्प. हें झाड मूळचें मध्य अमेरिकेंतलें. त्याच्या शास्त्रीय नांवाचा अर्थच उंदीर मारणारा असा आहे, आणि आपल्याकडेही त्यास कोठें कोठें उंदीरमारी म्हणतात. बांधावर हातभर जाड फांदी रोंवली तरी जगतें. शेंगेच्या वर्गांतलें असल्यामुळें हवेंतील नत्र मुळांच्या गांठींत साठवितें. शंभर किलो ओल्या पाल्यांत साधारण अर्धा ते पाऊण किलो नत्र असतो. हेक्टरीं तीन टन पाला चिखलणीच्या वेळीं गाडला तर पंधरा ते बावीस किलो नत्र बांधावरूनच मिळाला, आणि वर जमिनीस सेंद्रिय द्रव्य लाभलें. राबाच्या टहाळाचें काम हेंच; फरक इतकाच कीं टहाळ डोंगरावरून उतरावा लागे व त्यांतील नत्र जाळला जाई, आणि हा पाला दहा पावलांवर आहे व तो कुजतो.

मात्र घाई करूं नये. आमच्याच एका खाचरांत एका वर्षीं पाला पसरून तिसऱ्या दिवशीं लावणी उरकली. कुजणाऱ्या पाल्याची ऊब व आंबूस पाणी यांनीं रोपें पंधरवडाभर पिवळीं पडून बसलीं, आणि शेजाऱ्यानें बांधावरून जातां जातां जें विचारावयाचें तें विचारलें. पाला पसरल्यावर आठवडाभर तरी थांबावें. पानें गळून पडलीं म्हणजे काटक्या वेंचून घ्याव्या, त्या चुलीस होतात.

उरलेलीं दोन सूत्रें एकमेकांस धरून आहेत. लावणी दोरीवर, एकदां पंधरा व एकदां पंचवीस सेंटिमीटर असें अंतर सोडून करावयाची, चुडांत दोन ते चार रोपें. आणि त्याच दिवशीं, प्रत्येक चार चुडांच्या लहान चौकोनाच्या मध्यें, युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलांत खोंचावयाची. हेक्टरीं ६२,५०० गोळ्या होतात, वजन १७० किलोंच्या आंत. रायगडांत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. वर फेंकलेला युरिया पहिल्याच मोठ्या सरींत बांध ओलांडून ओढ्यास जातो. खोल खोंचलेली गोळी रोपाच्या मुळाशीं राहते आणि खालच्या डबक्यांत शेवाळ माजत नाहीं. निव्वळ सेंद्रियवादी मंडळींस ही गोळी खपत नाहीं. आमचें मत वेगळें आहे. ज्याच्या गोठ्यांत आज एकही जनावर उरलें नाहीं त्यास शेणखताचा उपदेश करून पोट भरत नाहीं. गोळी अर्ध्या वाटेवरची असली तरी ती नदींत जात नाहीं, आणि माशांसही मारीत नाहीं. पण पंचवीस हजार गोळ्या एकरभर चिखलांत वाकून खोंचणें हें काम कोणाच्या कमरेचें, हा प्रश्न राबाच्या भाऱ्याइतकाच खरा आहे, आणि ही पद्धत थोड्यांनींच पुरी केली याचें कारण तेंच.

कमरेच्या या प्रश्नास हात घातला तो आपल्याच जिल्ह्यांत, नेरळजवळच्या सगुणा बागेचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं. त्यांच्या सगुणा भात तंत्रांत चिखलणी नाहीं, दाढ नाहीं, लावणीही नाहीं. एकदां मीटरभर रुंदीचे गादीवाफे करावयाचे, लोखंडी सांचानें पंचवीस सेंटिमीटरवर भोकें पाडावयाचीं, भोकांत तीन-चार दाणे टाकावयाचे; कापणीनंतर नांगर न घालतां मुळें जागींच कुजूं द्यावयाचीं आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा मूग टोकावयाचा. कुजलेल्या मुळांच्या नळ्यांतून हवा खेळते, गांडुळें परत येतात, माती वाहून जात नाहीं. पाणी सतत तुंबून नसल्यामुळें खाचरांतून निघणारा मिथेन वायूही कमी होतो. आम्ही असे वाफे पाहिले आहेत; दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं मातीचा रंग बदललेला डोळ्यांस दिसतो.

परंतु चिखलणी गेली म्हणजे तणांचा बंदोबस्त गेला. कारण चिखलणी हीच आमची निंदणी होती. त्यासाठीं या पद्धतींत तणनाशकें वापरतात, त्यांत ग्लायफोसेटही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१५ सालीं तें माणसांत बहुधा कर्करोगकारक असल्याचें ठरविलें. इतर कांहीं सरकारी संस्थांनीं तो निर्णय मानला नाहीं. आणि आपल्या केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. १९३९ सालीं ढाक्याच्या पी. के. डे यांनीं दाखवून दिलें कीं खाचरांतील निळेंहिरवें शेवाळ हवेंतील नत्र बांधून भातास पुरवितें. कांहीं तणनाशकें त्या शेवाळासही मारक आहेत. म्हणून सगुणा तंत्राची माती राखण्याची बाजू आम्ही मोकळेपणानें वाखाणतों, आणि बाटलीची बाजू तितक्याच मोकळेपणानें नाकारतों. गादीवाफ्यावर पेंढ्याचें व पाल्याचें जाड आच्छादन घालून, ओळींतून हातकोळपें चालवून तण कितपत आटोक्यांत राहतें, याचे प्रयोग लहान प्रमाणावर प्रत्येक गांवीं झाले पाहिजेत. पांच गुंठ्यांवर करून पाहण्यांत कोणाचें घर बुडत नाहीं.

पाला कुजविण्याविषयीं एक गोष्ट राहिली. सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथें केलेल्या प्रयोगांवरचें पुस्तक १९३१ सालीं, म्हणजे चिरनेरच्या गोळीबारानंतरच्याच वर्षीं, निघालें. कचरा, शेण व माती यांचे थर घालून ते उलथीत गेल्यास तीन महिन्यांत उत्तम खत होतें, ही इंदुरी पद्धत जगभर गेली. आमच्याकडे मात्र ती खड्ड्यांत करावयास गेलेल्यांनीं जुलईंत काळें पाणी उपसलें आणि पद्धतीस नांवें ठेवलीं. पावसाळ्यांत ढीग जमिनीच्या वर रचावा हें हॉवर्डसाहेबांनींही सांगितलें होतें. वर पळसाच्या पानांचें किंवा पेंढ्याचें छप्पर घालावें. ज्यांस राब अजून सोडवत नाहीं त्यांनीं निदान रानांतला टहाळ तोडूं नये. घरचें तूस, गवत व वाळका पाचोळा एवढ्यावर दाढ भाजावी.

भातानंतरचें शेत हा आमच्या भागाचा मोठा ठेवा आहे. अंगच्या ओलीवर होणारा कडवा वाल पाणी मागत नाहीं, खत मागत नाहीं, उलट पुढच्या भातास नत्र ठेवून जातो. पौष-माघांत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यांत घालून मडक्यांत भाजलेली पोपटी खाण्यास मुंबईचीं माणसें आवर्जून येतात, आणि बिरड्याच्या वालास दर मिळतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२२ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हांपासून त्याच्या नांवाला किंमत आली आहे. वालाचेंही तसें होऊं शकेल. अट एवढीच कीं शेंगेवर फवारलेल्या औषधाचा प्रतीक्षाकाळ न संपतां ती बाजारांत जाऊं नये. बाटलीवरील त्रिकोण तांबडा, पिवळा, निळा कीं हिरवा आहे हें पाहण्याची संवय आम्हांस अजून लागली नाहीं. तांबडा सर्वांत जहाल, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें.

खाडीलगतच्या खारजमिनींची कथा निराळी, ती येथें उरकतों. तेथें बांध फुटला कीं खारें पाणी आंत येतें, आणि तशांतही तग धरणारा लाल तांदळाचा राता आमच्या पूर्वजांनीं निवडून ठेवला होता. काळा राता व भुरा राता यांवर पुढें शास्त्रीय काम झालें; पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें पनवेल १, २ व ३ हे वाण दिले. ज्याच्या घरीं अजून राता असेल त्यानें मूठभर तरी बीं दरवर्षीं पेरून जिवंत ठेवावें.

आतां ज्या गोष्टीनें हें सारें लिहिण्यास भाग पाडलें तीकडे येतों. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गांवांच्या मिळून होणाऱ्या नव्या नगरासाठीं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली. त्या नगराचें नांव कर्नाळा-साई-चिरनेर. ज्या गांवानें शेतीसाठीं रान मागतांना माणसें गमावलीं, त्याचें नांव आतां ज्या शहरास मिळावयाचें आहे त्यांत शेत कोठें असेल, हें नकाशावरून सांगणें कठीण आहे. आम्ही विकासाचे वैरी नाहीं. बंदरावर आमचीच मुलें कामास आहेत. परंतु डोंगराचा उतार, ओढे, खाचरें, खाडी ही एकच सांखळी आहे. खाचर हें पावसाचें पाणी कांहीं काळ धरून ठेवणारें भांडें आहे. तें बुजविलें तर तें पाणी नव्या शहराच्या तळमजल्यांत येईल. आणि शहराचें सांडपाणी खालीं आलें तर शेतकऱ्यानें कितीही निर्विष पिकविलें तरी व्यर्थ. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यानें दूषित झालेल्या कासाडी नदीचें प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत न्यावें लागलें, हें पनवेलकरांस सांगावयास नको.

म्हणून नगराचा आराखडा हरकतींसाठीं जाहीर होईल तेव्हां ग्रामसभांनीं केवळ मोबदल्याच्या आंकड्यावर न थांबतां, ओढ्यांच्या दोन्ही कांठांवरील खाचरें शेतीसाठीं राखून ठेवण्याची मागणी गटनंबरांसह लेखी द्यावी. डोंगरावर राहणाऱ्या कातकरी व ठाकूर कुटुंबांनीं २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं आपले सामूहिक दावे त्यापूर्वींच दाखल केलेले असावे. आषाढांतल्या शेवळ्या व कंटोळ्या त्याच रानांतून बाजारांत येतात.

गिरिपुष्प लावण्याची वेळ रोहिणी संपतां संपतां येते. पक्व, अंगठ्याहून जाड फांद्या मीटरभर लांबीच्या तोडून, खालचें टोंक तिरपें छाटून, बांधाच्या बाहेरच्या अंगास वीतभर खोल रोंवाव्या. दोन फांद्यांत दोन-तीन हात अंतर पुरें. पहिल्या वर्षीं पाला तोडूं नये, शेळ्यांपासून राखावें. ज्यांच्या बांधावर झाडें आहेत त्यांनीं छाटणीच्या वेळीं फांद्या जाळून न टाकतां शेजाऱ्यास द्याव्या. यंदा वलगणीचे मासे ज्यांच्या खाचरांत आले असतील, त्यांनीं कोणत्या खाचरांत आले, कोणत्यांत आले नाहींत, आणि त्या त्या खाचरांत गेल्या तीन वर्षांत काय टाकलें होतें, हें एका पोस्टकार्डावर संघाच्या कचेरींत कळवावें.